प्रणालीचं काय निघालं

"डोकं उघडावं लागेल," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझा भाऊ ताराचंद भिंतीला टेकत टेकत खाली बसला.

जिल्ह्याच्या दवाखान्याचा मागचा व्हरांडा होता. आतल्या खोलीत माझी भाची प्रणाली पांढऱ्या चादरीखाली होती. सात वर्षांची पोर. आदल्या दिवशी सकाळी माझ्याकडून दोन वेण्या घालून घेऊन शाळेत गेली होती. दुपारी अंग तापलं. दिवेलागणीला उलट्या झाल्या, मग डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. जीप करून तिला इथे आणलं तेव्हा ती मला ओळखतही नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

"रक्त घेतलं ना तुम्ही?" ताराचंद म्हणाला. "पाठीतलं पाणी घेतलं. आता तिच्याजवळ काय राह्यलं घ्यायले?"

निमखेडकर मॅडम त्याच्यासमोर फरशीवरच बसल्या. या तापासाठी त्यांना मेडिकल कॉलेजातून पाठवलं होतं. किती दिवस नीट झोपल्या नव्हत्या कोण जाणे. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली होती. एवढ्या मोठ्या डॉक्टरला असं जमिनीवर बसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"दादा, रक्तात काही दिसलं नाही. हा ताप मेंदूत शिरतो असं मला वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? मेंदूचा तुकडा पुण्याला तपासायला पाठवला तरच नक्की कळेल. कितीतरी आईबापांना विचारलं मी. सगळे नाही म्हणाले. त्यांचं चुकलं असंही नाही. पण मुलं कशाने जातात, ते त्यामुळे अजून कोणालाच माहीत नाही."

"जबरदस्ती आहे काय?"

"नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता गाडी सांगते. तिला घेऊन जा."

"मंग सांगा गाडी."

त्या व्हरांड्यात मला तोंड उघडायची सोय नव्हती, कारण पोरं माझ्या हातच्या खिचडीने मरतात, असं आमच्या गावाने तोवर ठरवून टाकलं होतं.

माझं नाव देवका. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि मी माहेरी, खैरटोल्याला परत आले. आई आधीच गेली होती. बाबा त्याच साली गेले. ताराचंद तेव्हा चड्डीत फिरायचा. आम्ही ढिवर, तळ्यावर जगणारी माणसं. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी शिंगाडे तोडले, आठवडी बाजारात विकले, त्याला दहावीपर्यंत शिकवलं, शकुनसारखी चांगली पोरगी पाहून त्याचं लग्न करून दिलं. पुढे तो मिळेल ते काम करायचा. कधी रस्त्याचं, कधी उन्हाळ्यात आरोग्य खात्याच्या फवारणीचं. शकुन घरात आली तेव्हा मी वेगळी चूल मांडते म्हटलं, पण दोघांनी मांडू दिली नाही. तारू मला बाई म्हणायचा, तीही बाईच म्हणू लागली. प्रणाली जन्मली ती माझ्याच हातांवर. शकुनला दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नव्हता. पोर मोठी झाली तरी आईपेक्षा माझ्याच अंथरुणात जास्त झोपायची.

शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा रहांगडाले गुरुजींनी मला स्वयंपाकाला लावलं. प्रणाली गेली त्या साली सुट्टीनंतर शाळा उघडली, गावात धानाच्या रोवणीची तयारी चालली होती, आणि गुलाब भोयरचा मुलगा एका दिवसात गेला. लोक म्हणाले, बाहेरचं काही लागलं. मग रुखमाची धाकटी गेली. ती शाळेत जायच्या वयाचीही नव्हती, पण तिचा भाऊ डब्यात खिचडी घरी न्यायचा. दोन्ही लेकरांना आधी उलट्या झाल्या होत्या. उलट्या म्हणजे पोटाचं दुखणं, आणि पोटाचं दुखणं म्हणजे देवकाची खिचडी. तोंडावर कोणी बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी हंडा उतरवला आणि एकही पोरगं ताट घेऊन आलं नाही.

एकटी प्रणाली आली. "आत्या, मले वाढ," म्हणाली, आणि सगळ्या शाळेसमोर मांडी घालून पोटभर जेवली. मला केवढं कौतुक वाटलं होतं तिचं! त्याच आठवड्यात तिला ताप आला.

शकुन खोलीच्या दाराशी उभी होती. रडून तिचा आवाज बसला होता. माझ्याकडे न पाहता तिने मॅडमना विचारलं, "यातून विषाचं बी कळते काय?"

"हो. पोटातलंही तपासायला पाठवता येतं."

"मंग करा."

"शकुन!" ताराचंद ओरडला.

"करा म्हणते ना मी. माह्या पोरीले बाईच्या हातचं बाधलं असन तर मले कळू द्या. नसन बाधलं तर ते बी कळू द्या. रोज तिच्या हातचं खाते मी. न कळता कशी राहू एका घरात?"

मला ते लागलं. पण त्याच वेळी तिच्या पाया पडावंसंही वाटलं. सगळ्या गावाने निकाल लावून टाकला होता. आधी कळू तर द्या, असं म्हणणारी ती एकटी निघाली, आणि तीही आई असून.

ताराचंद माझ्याकडे वळला. "बाई, तू तरी सांग तिले. लेकराची चिरफाड नोको म्हणून सांग."

"होऊ दे, तारू," मी म्हटलं. "मले बी कळू दे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतंच, पण आणखी काहीतरी होतं. मला वाटलं, बाप आहे, पोरीच्या अंगाला सुरी लागणार म्हणून घाबरलाय. शिपायाने कागद धरून ठेवला, तेव्हा कुठे त्याने सही केली.

आत जाण्याआधी मॅडमनी माझा हात हातात घेतला. माझ्याबद्दल गावात काय बोललं जातं, ते त्यांच्या कानावर आलं असावं. "काय निघेल ते मी स्वतः तुमच्या गावात येऊन सांगेन, देवकाबाई. निरोप पाठवणार नाही. मी येईन."

प्रणालीला परत दिलं तेव्हा तिच्या कपाळाभोवती पांढरी पट्टी बांधलेली होती. केस पुन्हा विंचरून बसवले होते, वेण्याही घातल्या होत्या, पण एक वर आणि एक खाली. कोणी घातल्या विचारलं तर आतली बाई म्हणाली, "मॅडमनीच." शकुन म्हणाली, "राहू दे तशाच." तिला तळ्याच्या पलीकडच्या बाजूला पुरलं. माणसं लांब उभी राहिली. घरी आल्यावर पाणी घ्यायलासुद्धा बायका ओसरीवर आल्या नाहीत. कोणीतरी मागे कुजबुजलं, "चिरून आणली पोरगी. अन् करणारी घरातच बसली."

पुढे माझं जगणं अवघड झालं. गुरुजींनी नजर चुकवत सांगितलं की स्वयंपाकाला दुसरी बाई पाहतो. विहिरीवर मी गेले की बायका घागरी उचलून बाजूला होत. एकदा गुलाब भोयर पिऊन आला आणि आमच्या दारात बसून मुलाचं नाव घेऊन रडला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं.

तेव्हा ताराचंद म्हणाला, "बाई, थोडे दिवस मामाच्या गावाले जाऊन राहा. वातावरण थंड होऊ दे. तुले कोणी हात लावला तर मले सहन होणार नाही."

"पण मॅडम येणार आहेत ना?"

"त्या आल्या की मीच तुले घ्यायले येईन. अख्ख्या गावासमोर सांगायले लावतो त्याइले."

त्याने मला बस स्टँडवर सोडलं, पिशवी वर चढवून दिली, खिडकीशी उभा राहून डोळे पुसले. मला भडभडून आलं. वाटलं, याला मी लहानाचा मोठा केला, आता हा माझा बाप झाला.

मामाच्या गावी मी वाट पाहत राहिले. रोवणी झाली, धान वाढलं. ताराचंद अधूनमधून यायचा. मी पहिला प्रश्न तोच विचारायची.

"मॅडम आल्या काय?"

"कायच्या येतात, बाई! त्यांचं काम झालं. पोरगी फाडून पाह्यली, आता कोण येते आपल्या गावात."

"येते म्हणाल्या होत्या रे. हात धरून म्हणाल्या होत्या."

"मोठ्या लोकांचं असंच असते. तू नाद सोड."

त्यानेच सांगितलं की सरकारी गाडी आली होती, घराघरांत, गोठ्यांत औषध मारलं, भिंतीच्या भेगा लिपायला लावल्या. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, मच्छराचं काहीतरी असेल. गावात नंतर एकही लेकरू गेलं नव्हतं. ते ऐकून मला बरं वाटलं. त्याचा दुसरा अर्थ काय होतो, ते मला बाजारात कळलं. रुखमा भाजी घेत होती. मला पाहताच तिने मुलाला पदराआड घेतलं आणि म्हणाली, "तू गेली गावातून अन् पोरं वाचली. आता नोको येऊ, देवका. हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. मी भर बाजारात उभी राहिले, आणि मला सगळा राग आला तो निमखेडकर मॅडमचा. या बाईसाठी आम्ही आमची पोर टेबलावर दिली. एक शब्द दिला होता तिने, फक्त यायचा. तिच्या त्या न येण्याने मी जन्मभराची चेटकीण झाले. दुसऱ्या दिवशी मामीला काही न सांगता मी मेडिकल कॉलेजची बस धरली.

त्या मोठ्या इमारतीत मॅडमची खोली सापडायला वेळ लागला. त्या दुर्बिणीसारख्या यंत्रात वाकून पाहत होत्या. मी दारातूनच बोलायला लागले. काय काय बोलले, आता आठवत नाही. तुम्हाला लेकरं नसतील म्हणाले. आमची पोर काय तुम्हाला बकरी वाटली म्हणाले. बाजूचे दोन शिकाऊ डॉक्टर उठून उभे राहिले.

मॅडमनी मला ओळखलं आणि घाईने खुर्ची पुढे केली. "देवकाबाई, बसा आधी. बऱ्या झालात तुम्ही?"

"मले काय झालं होतं?"

त्या सावकाश म्हणाल्या, "तुमच्या भावाने सांगितलं, तुम्ही फार आजारी आहात. मनाला लागलंय, कोणाशी बोलत नाही, म्हणून नातेवाइकांकडे ठेवलंय."

"तुम्हाले तारू कुठे भेटला?"

"म्हणजे काय? मी आले होते ना तुमच्या गावात! पुण्याहून कळलं त्याच आठवड्यात आले. तुमच्याच घरी बसले होते."

मी खुर्चीत बसले.

मॅडम सांगत राहिल्या. पोटात विषाचा अंशही नव्हता. प्रणालीच्या मेंदूत विषाणू सापडला होता. मच्छराहून लहान एक माशी असते. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहते, तिच्या चावण्यातून तो लेकरांच्या अंगात शिरतो. उलट्या होतात त्याही मेंदूच्या सुजेने. "प्रणालीमुळे हे कळलं. मग आजूबाजूच्या सगळ्या गावांत औषध मारलं. किती मुलं वाचली असतील, मला सांगताही येणार नाही. मी तुमच्या भावाला म्हटलं, गावाला एकत्र बोलवा, सगळ्यांसमोर सांगते. ते म्हणाले, गाव आत्ताच शांत झालंय, पुन्हा चिरफाडीचा विषय निघाला तर लोक माझ्या बहिणीला जगू देणार नाहीत. मी घरोघर जाऊन समजावतो. मला ते पटलं. रडत होते हो ते!"

"अन् शकुन? ती घरी होती?"

"होत्या ना. त्यांनीच चहा केला. मी निघाले तेव्हा माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, कळलं ते बरं झालं."

खिडकीबाहेर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं, तिकडे मी पाहत राहिले.

"एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "खैरटोल्यात उन्हाळ्यातच फवारणी झाली होती असं आरोग्य खातं सांगतं. झाली असती तर ही माशी एवढी राहिली नसती. कोणी केली होती, माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत होतं. पाठीला पंप बांधून, तोंडाला फडकं लावून ताराचंद घराघरांत फिरला होता. आणि त्या वर्षी औषधाचा वास आला नाही म्हणून आम्ही सगळ्या बायका खूश झालो होतो.

गावात उतरले तेव्हा ऊन होतं. शकुन अंगणात सूप घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली, आणि तिला दिवस गेलेत हे माझ्या लक्षात आलं. "बाई, अचानक?"

"मॅडमले चहा तूच केला होता," मी म्हटलं.

सूप तिच्या हातातून सुटलं नाही, पण ते धरलेले हात जागच्या जागी राहिले. ती म्हणाली, "बसा. पाणी आणते."

"पाणी नोको. तूच म्हणत होती ना, बाधलं नसन तर ते बी कळू द्या. कळलं ना तुले? मंग मले कायले नाही कळवलं?"

"यांनी शपथ घातली." तिने पोटावर हात ठेवला. "याची."

ताराचंद मागच्या दाराने आला. अंगात पांढरा कडक शर्ट होता. तो आता ग्रामपंचायतीचा मेंबर झाला होता, मला तेही कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला एकच विचारलं, "तारू, पंपात काय होतं?"

तो दारातच बसला. लहानपणी चूक केली की बसायचा तसाच, गुडघे जवळ घेऊन.

"पाणी," तो म्हणाला. "औषध कटरे पाटलाने मागितलं, उन्हाळी धानावर मारायले. पंचायतीले त्याच्या पॅनेलमधून उभं राहायचं होतं मले. नाही कसं म्हणू? वाटलं, एका वर्षाने काय होते. लोकाइले बी वास नोकोच असते."

"दवाखान्यातच कळलं होतं तुले?"

"डोकं उघडतो म्हणाली ना, तवाच भीती वाटली. बाई, माहीच पोरगी गेली. मले काय शिक्षा कमी झाली?"

"तुही पोरगी गेली म्हणून मी रडले. पण माह्यावर कायले टाकलं?"

"मी नाही टाकलं तुह्यावर. लोकांनीच टाकलं होतं." तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी फक्त काढलं नाही."

शकुन रडायला लागली. तो पुढे म्हणाला, "मले तर लोकांनी ठेचलं असतं. भोयर आहे, रुखमाचा नवरा आहे. तू बाईमाणूस, तुले फार तर बोलतीन. अन् तू सोसते. आजपर्यंत तूच सोसत आली ना सगळं? मले वाटलं, हे बी सोसशीन."

हे त्याने वाईट हेतूने म्हटलं नाही. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. त्याचाच मला जास्त धसका बसला.

पुढच्या आठवड्यात मी मॅडमना घेऊन आले. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. सगळा गाव आला. मॅडमनी साध्या भाषेत सगळं सांगितलं, माशीचं, विषाणूचं, पोटात काही नव्हतं त्याचं. खिचडीचा काही संबंध नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. रुखमा तोंडात पदर धरून माझ्याकडे पाहत होती. रहांगडाले गुरुजींनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं आता. ताराचंदचं नाव मी घेणार नव्हते. मॅडमना येताना जीपमध्येच सांगून ठेवलं होतं की फवारणीचं काढू नका. त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी माझ्या शब्दाला मान दिला. माझ्यावरचं निघालं की झालं, पुढचं त्याचं तो आणि त्याचं मन, असा माझा विचार होता.

तेवढ्यात गुलाब भोयर उठला. "मॅडम, पण आमच्याकडे तर उन्हाळ्यात फवारणी झाली होती. मंग माशी आली कुठून?"

सगळ्यांच्या माना ताराचंदकडे वळल्या. तो कटरे पाटलाच्या शेजारी खुर्चीवर बसला होता. कटरे पाटील मिशीवरून हात फिरवत समोर पाहत होता. ताराचंद उभा राहिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा खरं सांगतो. मी मानेने त्याला धीरसुद्धा दिला.

"सगळीकडे मारलं होतं," तो म्हणाला. "एक बाईची खोली राह्यली. तिनं मारू दिलं नाही. शिंगाडे वाळत घातले होते, खराब होतीन म्हणे. पोरगी तिच्याजवळच झोपत होती. माशी तिथूनच पसरली असन."

मग एकदम गलका झाला.

"असं एका खोलीतून गावभर होत नाही!" मॅडम ओरडून सांगत होत्या. कोणी ऐकत नव्हतं. मी उठले. "खोटं आहे," मी म्हटलं. "पंपात नुसतं पाणी होतं. औषध कुठं गेलं ते कटरे पाटलाले विचारा." पाटील हसला. "घ्या, आता माह्यावर आली," तो म्हणाला, आणि त्याच्यासोबत चारदोन माणसं हसली. पोर गमावलेल्या बापाच्या शब्दापुढे माझा शब्द कोण धरणार?

गुलाबने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो शकुनकडे वळला. "वहिनी, तुमी घरातच होत्या. तुमी सांगा. बाईच्या खोलीत मारलं होतं का नाही?"

शकुन बायकांच्या मध्ये बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडेही नाही. जमिनीवर बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत ती म्हणाली, "नाही मारलं. बाई नोको म्हणाल्या."

माझ्याजवळ शब्द नव्हते असं नाही. ते कोणासाठी वापरायचे, तेच कळेना.

मॅडमची जीप शाळेबाहेर उभी होती. त्या म्हणाल्या, "चला माझ्यासोबत." मी बसले. घरून काही आणायला गेले नाही. गाडी सुरू होणार तेवढ्यात रुखमा धावत आली. खिडकीतून हात घालून तिने माझं मनगट धरलं. "विष नव्हतं," ती म्हणाली. "एवढं तरी कळलं." आणि कोणी पाहण्याआधी मागे फिरली.

मॅडमनी फवारणीची तक्रार वर केली. कोणी चौकशीला आलं, कोणी नाही आलं, मी मागे लागले नाही. त्यांनी मला दवाखान्यात आयाचं काम मिळवून दिलं. शकुनला पुढे मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं होतं. मी गेले नाही. ताराचंद दोनदा येऊन गेला. फाटकावरच्या माणसाला मी सांगून ठेवलं होतं की या नावाचं माझं कोणी नाही.

आता बरीच वर्षं झाली. मॅडमचे केस पिकले. अजूनही तशा तापाचं लेकरू गेलं आणि आईबापाला ते अवघड विचारायची वेळ आली की त्या मला बोलावतात. मी त्यांच्या शेजारी बसते. हो म्हणा असं मी कधी म्हणत नाही. जे निघेल ते दोघांना मिळून ऐकायला सांगते, चार माणसांसमोर ऐकायला सांगते, आणि मग गप्प बसते.

परवा एक तरुण आई होती, तिच्या मांडीवर मुलाची चप्पल होती. नवरा बाहेर फोनवर बोलत होता. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "मावशी, तुमच्या घरचं कोणी गेलं होतं काय असल्या तापात?"

"भाची गेली," मी म्हटलं. "अन् भाऊ."

"भाऊ बी?" तिने डोळे पुसले. "मोठं माणूस बी जाते काय यात?"

"जाते, बाई," मी म्हटलं.